माझ्या अक्षरातला जबाब

तो दुकानदार नारायणगुड्याच्या बाजारात मला समोरून येताना दिसला तर मी रस्ता ओलांडत नाही. तो ओलांडतो. हातात पिशव्या असल्या, गाड्या अंगावर येत असल्या तरी ओलांडतो. मला ते बघून बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं माझ्याकडे दुसरं आहे, ते पुढे सांगतेच.

तेलुगू मुलखात पिढ्या गेल्या तरी आमच्या नल्लकुंट्याच्या मराठी घरात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. नहाण झालं की रेशमी साडी नेसायची आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्या बाईला बाकी कुणी शिवायचं नाही. सुती साडी चालत नाही, नायलॉन तर विचारूच नका. आईचं जुनं रेशमी सोवळं ती गेल्यावर वहिनीकडे आलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, भैंशाकडच्या शेतकरी घरातली, मराठी शाळेत शिकलेली. पुरण तिच्यासारखं आमच्यात कुणाला जमत नाही. आईची साडी घड्यांवर चिरत चिरत शेवटी नेसण्याजोगी राहिली नाही, तेव्हा नवी आणायला मी तिच्याबरोबर गेले.

दुकान आमच्या ओळखीचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मी स्पष्ट विचारलं होतं. माझे शब्द मला पाठ आहेत, कारण पुढे ते मला शपथेवर सांगावे लागले. "चुल्हे के सामने पैनने का है, असली रेशीम होना. मिलावट नक्को."

दुकानदार हसला. "क्या बातां करते अम्मा! इत्ते सालां से आपके घर कू साड़ियाँ देरूं. प्युअर है. आँख बंद करके लेके जाओ."

आम्ही आँख बंद करूनच नेली. आई असती तर तिने तिथल्या तिथे पदराच्या टोकाचा धागा उपसून काडी लावली असती. रेशीम जळलं की केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांत राख होते. नकली असलं की वितळून मण्यासारखा टणक गोळा होतो. लहानपणी आई भर दुकानात हे करायची तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वहिनीने त्या दिवशी विचारलंही, "वन्सं, धागा बघायचा का?" मी म्हणाले, ओळखीच्या माणसासमोर काय काडी ओढायची? भीड भिकेची बहीण, हे मी वर्गात मुलांना शिकवते. स्वतःला कधी शिकवलं नाही.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी वहिनी ती साडी नेसून ओट्यापाशी उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेला घट्ट खोचलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी सोवळ्यात नव्हते, म्हणून उंबऱ्याबाहेरून काय हवं-नको ते विचारत होते. पुरण आटून घट्ट झालं होतं. मागच्या शेगडीवरचं पातेलं उतरवायला तिने हात लांबवला, आणि पुढच्या शेगडीची ज्योत तिच्या डाव्या खांद्याशी साडीला लागली.

रेशीम असतं तर तिथे भोक पडलं असतं, वास आला असता, तिने चापट मारून विझवलं असतं. ही साडी भडकली. खांद्यावरून गळ्याकडे, गळ्यावरून दंडावर, आणि भडकता भडकता वितळून अंगाला चिकटली. मी उंबऱ्यावर होते, आणि माझं पाऊल अडखळलं. सोवळ्यातल्या बाईला शिवायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की डोक्याच्या आधी पायाने ऐकलं. क्षणभरच. मग मी बाहेरची सतरंजी ओढून तिच्यावर टाकली, बादली उलथली. पण तो क्षण होता. तो नव्हता असं मला कुणी समजावू नये. समजावणारे पुष्कळ भेटले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिमट्याने कापडाचे चिकटलेले तुकडे सोडवत होत्या. त्या तेलुगूत म्हणाल्या, "हे रेशीम नाही. रेशीम असं चिकटत नाही." त्यांनी हे पहिल्या तासात सांगितलं. आम्ही तिथे तिघं होतो, मी, दादा आणि आमचे वडील, अण्णा. कुणी मान वर केली नाही. आमचं लक्ष दुसरीकडे होतं. दवाखान्याच्या चौकीतला हेडकॉन्स्टेबल वही घेऊन येत होता.

लग्न झालेली बाई स्वयंपाकघरात भाजली की पोलिसांना एकच प्रश्न सुचतो, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. अण्णांनी हयात कोर्टात काढली होती, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. अशा बायकांच्या फायली त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सासरा, नवरा, नणंद, सगळ्यांची नावं एका ओळीत कशी येतात ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी हेडकॉन्स्टेबलला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "जबाब आम्ही लिहूनच देतो. तुमचा वेळ वाचेल." मग माझ्याकडे वळले. "कागद घे. तुझं तेलुगू अक्षर चांगलं आहे."

माझं अक्षर खरंच चांगलं आहे. मी तेलुगू माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवते, फळ्यावरचं माझं अक्षर इतर शिक्षक मुलांना दाखवतात. अण्णा वहिनीच्या नावाने सांगत गेले, मी लिहीत गेले. मी अमुक, वय अमुक, स्वयंपाक करताना माझा पदर सुटून मोकळा लोंबत होता, 'ना अजाग्रत्त वल्लने', म्हणजे माझ्याच निष्काळजीपणामुळे, तो पेटला. घरच्यांनी वाचवलं. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"पदर खोचलेला होता, अण्णा," मी हळूच म्हणाले.

"खोचलेला पदर पेटतो कसा, असं विचारतील. मग काय सांगणार? लिही."

मी लिहिलं. वहिनीला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलेलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. ती शुद्धीत होती असा शेरा मारणारा डॉक्टरही अण्णांनी गाठला. तिला बाजारातलं तेलुगू बोललेलं समजतं, पण वाचता येत नाही. तिचा उजवा हात शाबूत होता. मी पेन बोटांत धरवलं. माझ्या सुबक तेलुगू ओळींखाली तिने मराठीत, शाळेतल्या मुलीसारखी, सही केली. तिने कागद कसला ते विचारलं नाही. मी वाचून दाखवला नाही. हेडकॉन्स्टेबल कागदाची घडी घालून गेला आणि अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला.

त्यानंतर तो कागद आमच्या घरात बोलू लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा सांगायचे, "पदर सुटला होता हो तिचा." दादा मोबाइलमध्ये बघत मान हलवायचा. माझ्या दोन्ही मावश्या हळदीकुंकवाला आल्या तर वहिनीसमोरच म्हणायच्या, "आताच्या मुलींना पदर सांभाळायची सवयच नाही, गाऊन घालून स्वयंपाक करतात ना." मावश्यांना स्वतःला पुरण कधी धड आटवता आलं नाही, पण तोंड चालवायला काय लागतं! वहिनीचा भाऊ भैंशाहून आला, त्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ताई, खरं सांगा, काय झालं?" मी त्यालाही तेच सांगितलं. वहिनी उकाड्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. डावा दंड पुरता वर जात नव्हता. ती काहीच बोलायची नाही. मला वाटायचं, मनाने मोठी आहे, आमची अब्रू सांभाळतेय. आपल्या सोयीचं असलं की माणसाला दुसऱ्याचा मोठेपणा फार चटकन दिसतो.

मी एकच बरी गोष्ट केली होती. जळकं कापड घरात ठेवू नये म्हणून अण्णांनी उरलेली साडी फेकायला सांगितलं, ती मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही. नेसताना काढून ठेवलेली दुकानाची चिठ्ठीही तिच्याबरोबर ठेवली होती, 'प्युअर सिल्क'. वर्षाने मी तिच्या न जळलेल्या टोकाचा धागा उपसून गॅसवर धरला. टणक काळा गोळा झाला. मी तो चिमटीत धरून दुकानात गेले आणि ही साडी अंगावर पेटली म्हणून सांगितलं.

दुकानदाराने गोळा बघितला, मला बघितलं आणि पाणी मागवलं. मग म्हणाला, "अम्मा, माल सूरत से आता. हम क्या अंदर घुस के देखते क्या? होर साड़ी तो साड़ी है, आग को लगी तो जलतीच." एवढं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. साडीमुळे कोण भाजलं, किती भाजलं, जगलं का, एवढंही त्याने विचारलं नाही. तिथून मी सरळ वकिलाकडे गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घराने तीन पिढ्या त्याच पायऱ्या चढून पोट भरलं, त्यामुळे ती म्हण आमच्यात कुणी उच्चारत नाही. तरी अण्णा म्हणाले, "गप्प बसलेलं प्रकरण उकरू नको." मी वहिनीला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "लावा दावा. चूक कुणाची ते एकदा कळू द्या." वकीलबाई तरुण होत्या, बोलायला तिखट. त्यांनी समजावलं, की विकताना दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने खात्री दिली असेल तर बनवणाऱ्याकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. त्याने रेशीम म्हणून विकलं, चुलीसमोर नेसायचं आहे हे त्याला सांगितलेलं होतं, आणि निघालं भडकणारं पॉलिएस्टर. ग्राहक आयोगात वहिनीच्या नावाने तक्रार दाखल झाली. आयोगाने साडीचा तुकडा तपासायला पाठवला, पॉलिएस्टर असल्याचा अहवाल आला. वकीलबाई खुशीत होत्या.

मग दुकानाचं उत्तर आलं. आधी म्हणे साडी आमची नव्हेच. मग म्हणे आमची असली तरी रेशीम म्हणून विकली नाही. मग म्हणे रेशीम म्हटलं असलं तरी कुठलीही साडी जळतेच. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, की तक्रारदार बाईने अपघाताच्या दिवशीच स्वतःचा निष्काळजीपणा कबूल केला आहे. सोबत त्या जबाबाची नक्कल. त्यांनी ती चौकीतून मिळवली होती.

वकीलबाईंनी नक्कल वाचून मराठीत सांगितली. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. ती त्या सुबक ओळींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणाले.

तिने कागद वकीलबाईंकडे परत सरकवला. वकीलबाई मात्र बोलल्या, चांगल्याच बोलल्या. हा कागद उभा राहिला तर अहवाल, चिठ्ठी, सगळं पाण्यात. दोष बाईचाच ठरेल आणि दुकान हात झटकून मोकळं होईल. कागद पाडायचा एकच मार्ग होता. ज्याने लिहिला त्याने आयोगापुढे सांगायचं, की हे रुग्णाचे शब्द नव्हेत.

त्या संध्याकाळी अण्णा आणि मी स्वयंपाकघरातच भांडलो. "म्हणजे तू शपथेवर सांगणार की बापाने खोटा जबाब घडवला?" अण्णा म्हणाले. "मी घर वाचवलं त्या दिवशी. तुझं नाव असतं पहिल्या ओळीत, माहीत आहे? नणंद! कोर्टात नणंदेवर कुणी विश्वास ठेवत नाही."

"आपण तिला जाळलं नव्हतं, अण्णा. मग भीती कसली होती?"

"जाळलं नव्हतं हे सिद्ध करायला किती वर्षं लागतात ते तू बघितलेलं नाहीस. मी बघितलंय."

ते खरंच होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. त्यांना कायदा ठाऊक होता, दवाखान्यातल्या बाकावर बसून कुठला शब्द पुढे कुणाला बुडवतो हेही ठाऊक होतं, आणि त्यांनी बुडवायला निवडली ती दुसऱ्या घरातून आलेली. मी त्यांना हे तोंडावर म्हणाले. ते माझ्याशी तेव्हापासून जेवायला वाढण्यापुरतंही बोलत नाहीत. दादा म्हणाला, "तुम्ही दोघं बघा काय ते." त्याची बायको भाजली होती आणि आम्ही दोघांनी बघायचं!

मी प्रतिज्ञापत्र दिलं. दुकानात मी काय विचारलं होतं ते, आणि जबाब अण्णांनी सांगितला, मी लिहिला, वहिनी तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नव्हती, एवढंच त्यात होतं. आयोगात सहसा सगळं कागदावरच चालतं, पण दुकानाच्या वकिलाने माझी तोंडी उलटतपासणी मागितली आणि ती त्याला मिळाली. निकाल आमच्या बाजूने लागला हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. दुकान जबाबदार ठरलं. पण माझ्या लक्षात निकाल राहिलेला नाही, तो दिवस राहिला आहे.

वकील गोरा, गुळगुळीत, तेलुगूत साखर पेरून बोलणारा. वहिनी मागच्या बाकावर होती.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच?"

"हो."

"तुम्ही शिक्षिका. मुलांना खरं बोला म्हणून शिकवत असाल."

"शिकवते."

"मग खोटं तेव्हा लिहिलंत की आज बोलताय?"

"तेव्हा लिहिलं."

"कशासाठी?"

"आम्ही तिला जाळलं असा संशय येऊ नये म्हणून. तिचं नाव खराब झालं तरी चालेल, आमचं होऊ नये, असं आम्ही ठरवलं."

समोरच्या सदस्यबाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. वकिलाला वाटलं मी खचले. तिथेच थांबला असता तर कदाचित त्याचं भलं झालं असतं. पण त्याला अजून एक घाव घालायचा होता.

"बरं. शब्द तुमचे, मान्य. पण पदर सुटला होता ही वस्तुस्थिती तर खरी ना? तुम्ही तिथे होता."

"मी दारात होते. मला समोर दिसत होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेला खोचलेला होता. सुटला नव्हता. सुटला होता हेही आम्हीच लिहिलं."

"तुमची खात्री आहे?"

"जेवढी माझ्या अक्षराची आहे तेवढी."

तो खाली बसला. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मी बाहेर आले तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, हलकं वाटत होतं. जरा अभिमानही वाटत होता. बापाविरुद्ध उभी राहिले, भर आयोगात स्वतःची चूक कबूल केली. वहिनी आता काहीतरी म्हणेल, निदान हात तरी धरेल, अशी वाट बघत मी जिन्याच्या तोंडाशी थांबले.

ती सावकाश आली. लांब बाहीचं टोक उजव्या हाताने ओढत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "पदर खरंच खोचलेला होता?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय? होताच की."

"मला आठवत नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "पुरण आटलं, तिथवर आठवतंय. त्याच्यापुढं दवाखाना. मधलं काही नाही. मामंजी म्हणले सुटला होता. हे म्हणले. तुमच्या मावश्या म्हणल्या. माझ्या भावाला तुम्हीपण तेच सांगितलाव. मग मलाबी वाटायलं, सुटलाच असंल. मीच येड्यासारखी उभी असंन. आंघोळीला गेलं की ह्या हातावर पाणी घेताना मी माझ्याच हाताला शिव्या द्यायले. रोज. तीन वर्षं झाली."

मी तिच्या गप्प बसण्याला मोठेपणा समजत होते. तिला वाटत होतं दोष तिचाच आहे. दावा लावा म्हणाली, चूक कुणाची ते कळू द्या म्हणाली, तेव्हा ती खरोखर विचारत होती. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका घरात राहून, एका ताटलीतली चटणी खाऊन, मी तिला ते सांगितलं नव्हतं. सांगितलं ते आयोगाला, वकिलाने विचारलं म्हणून.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

माणसं जिन्यावरून वर-खाली जात होती. एकाने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही भिंतीला टेकून त्याला वाट दिली. तो गेल्यावर वहिनीने माझ्याकडे नीट बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतकं नीट.

"त्या दुकानदारावर दावा लावता आला," ती म्हणाली. "तुमच्यावर कुठं लावायचा?"

 ती उत्तरासाठी थांबली नाही, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत एकटीच खाली गेली.